हेडसेटच्या आधी प्रसंग लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना निर्णय घ्यायला शिकवण्यासाठी आभासी वॉर्ड, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारे संगणकी वॉर्ड, वापरावेत, या मताचे आम्ही आहोत. ढासळत चाललेला रुग्ण शिकत असताना प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असं नाही. आला तरी विद्यार्थ्याला बाजूला उभं केलं जातं, आणि ते योग्यच आहे. आभासी जगात तोच रुग्ण त्याच्या एकट्याच्या हवाली करता येतो. पण महागडे हेडसेट आधी आणि प्रसंगलेखन (रुग्णाचं काय होतं आणि विद्यार्थ्याच्या कोणत्या कृतीने काय बदलतं, ते लिहिणं) सवडीने, असा क्रम लावला तर हाती फारसं काही लागत नाही.

उदाहरणच घेऊ. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. श्वास मिनिटाला २२, नाडी १०४, वरचा रक्तदाब १०८, ताप ३८.२ अंश सेल्सिअस, ऑक्सिजन ९५ टक्के. सुटे आकडे पाहिले तर घाबरण्यासारखं काही वाटत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ‘न्यूज-२’ तक्त्यात, जिथे प्रत्येक मोजमाप जितकं बिघडलेलं तितके जास्त गुण मिळतात, मात्र त्या गुणांची बेरीज ६ होते, आणि ५ झाले की डॉक्टरांना तातडीने कळवायचं असतं. विद्यार्थी पॅरासिटामॉल देऊन पुढच्या खाटेकडे वळला, तर तासाभराने ताप ३७.६ दिसतो आणि त्याला हायसं वाटतं. तोवर श्वास २६, नाडी ११८, रक्तदाब ९२, ऑक्सिजन ९३ झालेला असतो आणि रुग्ण असंबद्ध बोलू लागलेला असतो. बेरीज १२. ताप औषधाने उतरला, सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी करू शकणारी जीवघेणी अवस्था) मात्र वाढतच गेला. हे व्याख्यानात ऐकून लक्षात राहत नाही; स्वतः फसल्यावर राहतं.

असा प्रसंग बिघडतो तो बहुधा पडद्यावरच्या बटणांमुळे. ‘ऑक्सिजन द्या’, ‘डॉक्टरांना बोलवा’ असे पर्याय समोर मांडले की विचार संगणकानेच केलेला असतो. श्वासाचा दर आयता दाखवू नये, विद्यार्थ्याला छातीकडे बघून पूर्ण मिनिट मोजायला लावावा. प्रत्येक कृतीला वेळेची किंमत हवी, नाहीतर मुलं दिसेल ते सगळं दाबून गुण मिळवतात. फाटेही आवरते घ्यावेत: पाच टप्पे आणि प्रत्येकी तीन पर्याय म्हणजे २४३ वाटा, ज्या कोणी लिहून पुऱ्या करत नाही. खरे निर्णयाचे टप्पे तीन-चारच ठेवावेत आणि किरकोळ वाटा पुन्हा एकत्र आणाव्यात.

सगळ्यात जास्त शिकणं होतं ते नंतरच्या चर्चेत, आणि वेळ कमी पडला की कात्री लागते तीही तिलाच. प्रसंग १५ मिनिटांचा असेल तर चर्चेला निदान ३० मिनिटं द्यावीत. काय चुकलं यापेक्षा ‘त्या क्षणी तुला काय दिसलं आणि त्याचा तू काय अर्थ लावलास?’ हे विचारावं. कृतींची वेळेनुसार नोंद समोर ठेवली की आठवणींवरून वाद होत नाहीत. प्रसंग चालू असताना अध्यापकांनी गप्प राहावं. हे जमायला सराव लागतो. अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचा २०१४ चा अभ्यास सांगतो की प्रत्यक्ष रुग्णसेवेचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी रचलेल्या प्रसंगांवरच्या सरावाने, भरून काढता येतात. तो दाखला देताना प्रशिक्षित अध्यापक आणि पद्धतशीर चर्चा या त्याच्या अटी गाळल्या जातात.

गार पडलेली त्वचा हाताला लागणं, शीर सापडणं, घाबरलेल्या नातेवाइकाशी बोलणं हे खऱ्या वॉर्डातच शिकावं लागतं. हेडसेटने काहींना मळमळते, म्हणून बसून आणि थोडाच वेळ वापरू द्यावा.

खरेदीच्या आधी एक प्रसंग लिहून साध्या संगणकावर, तोही जमत नसेल तर कागदावर, चार-पाच विद्यार्थ्यांना देऊन पाहावा. ज्या टप्प्यावर सगळेच बरोबर उत्तर देतात, तिथे निर्णय घ्यावाच लागलेला नसतो. तो टप्पा काढून टाकावा.

आपले,
नर्सिंग अध्यापक