व्हॉल्व्हच्या रेडिओला थेट वीज देऊ नका

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) जुन्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) रेडिओंविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. या विषयाला वृत्तपत्रात जागा मिळते, याचा आनंद आहे. मात्र त्यातील एका सल्ल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. अनेक वर्षे बंद असलेला रेडिओ आधी लावून पाहावा आणि वाजला नाही तर व्हॉल्व्ह बदलावेत, असे लेखात सुचवले आहे. या सल्ल्याने चांगले रेडिओ जळतात आणि काही रेडिओंच्या बाबतीत तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. जुने रेडिओ दुरुस्त करण्यात बरीच वर्षे घालवलेला वाचक म्हणून त्यामागची कारणे मांडतो.

बंद पडून राहिलेल्या रेडिओत व्हॉल्व्ह सहसा शेवटी बिघडतो. काच फुटली नसेल आणि आतला चकाकता रुपेरी थर शाबूत असेल, तर तो बहुधा चांगलाच असतो. हा थर बेरियमचा असतो. आत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो, त्यामुळे असा व्हॉल्व्ह मीटर न लावताही ओळखता येतो. काळाचा खरा मार बसतो तो कंडेन्सरना, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या सुट्या भागांना. मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर हवेतील ओल शोषून घेतात आणि त्यांतून वीज झिरपू लागते. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आतला थर वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने क्षीण होतो. अशा रेडिओला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली, तर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर जवळजवळ शॉर्ट झाल्यासारखा वागतो आणि त्याचा भार एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर व मेन ट्रान्सफॉर्मरवर पडतो. कंडेन्सर बाजारात नवा मिळतो, परंतु त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळणे फार अवघड असते.

सर्वाधिक नुकसान करणारा कंडेन्सर मात्र आकाराने लहान असतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे प्रवाह कमीजास्त करणाऱ्या जाळीला, आवाजाचा सिग्नल पोहोचवणारा हा कपलिंग कंडेन्सर साधारणपणे ०.०१ मायक्रोफॅरडचा असतो आणि आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा (प्रवाह गोळा करणाऱ्या धन टोकावरचा) डीसी व्होल्टेज पुढे जाऊ न देणे हे त्याचे काम असते. समजा, त्याची गळती १०० मेगओहम इतकीच आहे, प्लेटवर १०० व्होल्ट आहेत आणि ग्रिडचा रेझिस्टन्स १ मेगओहम आहे, तर ग्रिडवर सुमारे १ व्होल्ट धन दाब येतो. ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हमध्ये ग्रिडवरच्या प्रत्येक व्होल्टमागे प्लेटचा प्रवाह सुमारे ११ मिलिअँपिअरने वाढतो. कॅथोडचा (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाचा) रेझिस्टन्स ही वाढ बरीच आवरतो हे खरे. पण गळती वाढत जाते, तसा व्हॉल्व्ह तापत जातो आणि अखेरीस आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार तुटते. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हाच कंडेन्सर निर्दोष दिसतो, कारण मीटर त्याला मोजके काही व्होल्टच देतो आणि १०० मेगओहम मोजण्याची त्याची कुवतही नसते. म्हणून ही तपासणी चालू रेडिओवरच करावी लागते. ईएल ८४ च्या दोन क्रमांकाच्या पिनवर चासीच्या (रेडिओच्या धातूच्या सांगाड्याच्या) संदर्भात व्होल्टेज पाहावा. तो शून्याच्या आसपास असला पाहिजे. धन दिसला तर रेडिओ ताबडतोब बंद करावा आणि तो कंडेन्सर ६३० व्होल्टच्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर फिल्मच्या कंडेन्सरने बदलावा. माझे स्वतःचे मत असे आहे की मेणाचा कंडेन्सर असेल, तर मोजत बसण्यापेक्षा पहिली वीज देण्याआधीच तो काढून टाकावा. याउलट अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर सहसा टिकाऊ असतात; ते कारणाशिवाय उपटू नयेत.

पहिली वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. ४० ते ६० वॉटचा तारेचा बल्ब (एलईडी इथे उपयोगाचा नाही) वीजपुरवठ्याच्या एका तारेत सिरीजमध्ये जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जाता येते; तो प्रखर जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि निदान एक ट्रान्सफॉर्मर तरी वाचला असे समजावे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पुन्हा घडवायचा, म्हणजे त्याचा क्षीण झालेला थर परत तयार करायचा असेल, तर व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मेनचा व्होल्टेज हळूहळू वाढवण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण कमी दाबाला रेक्टिफायर व्हॉल्व्हचा कॅथोड पुरेसा तापतच नाही आणि मग डीसी एकदम अवतरतो. त्यासाठी वेगळा डीसी सप्लाय मोठ्या रेझिस्टन्समधून द्यावा लागतो आणि गळती कमी होत गेलेली प्रत्यक्ष मोजावी लागते. बदलताना जास्त क्षमतेचा कंडेन्सर बसवण्याचा मोहही टाळावा. ईझेड ८० सारख्या रेक्टिफायरला पहिला फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारा कंडेन्सर) ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही.

आता जिवाच्या धोक्याविषयी. ज्या रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यात सर्व व्हॉल्व्हची फिलामेंट एका माळेत जोडलेली असतात आणि चासी थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असते. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ने सुरू होणारी नावे दिसली, की हा प्रकार समोर आहे असे धरूनच चालावे. प्लग उलटा बसला तर संपूर्ण चासी, इतकेच नव्हे तर बटणाच्या आतला लहानसा स्क्रूसुद्धा, फेजवर येतो. लेखात अशा रेडिओचे मागचे झाकण काढून व्हॉल्व्ह हलवून पाहायला सांगितले आहे. कृपया कोणीही तसे करू नये. असा रेडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (रेडिओला मेनपासून वेगळे ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडा चालवू नये आणि व्हेरिअॅकला आयसोलेशन समजू नये, कारण त्याचे वाइंडिंग मेनपासून वेगळे नसते. ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओतही २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. काही हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून तो उतरवावा आणि मीटरने खात्री केल्यावरच आत हात घालावा.

व्हॉल्व्ह बदलण्याच्या सवयीने निदान कसे चुकते, याचे एक उदाहरण देतो. माझ्याकडे आलेल्या एका रेडिओची मध्यमलहरी उत्तम वाजत होती, पण लघुलहरीचा पट्टा डायलच्या कमी किलोहर्ट्झच्या बाजूला पूर्ण मुका होता. त्यात ईसीएच ८१ (ऑसिलेटर आणि मिक्सरचे काम करणारा व्हॉल्व्ह) नवा घातला की काही दिवस सगळे ठीक चालायचे आणि मग तीच तक्रार परत यायची. म्हणून मी ऑसिलेटरच्या (स्टेशन पकडण्यासाठी रेडिओ आतच लहरी निर्माण करतो त्या भागाच्या) ग्रिडवरचा ऋण व्होल्टेज मोजत डायल फिरवली. एका टोकाला आठ व्होल्टच्या आसपास असलेला हा आकडा गँग (स्टेशन लावण्याचा फिरता कंडेन्सर) मिटत जाईल तसा उतरत गेला आणि मध्यावर शून्याला टेकला. म्हणजे ऑसिलेटर तिथे थांबत होता. गँग पूर्ण मिटली असताना कॉइलवर कपॅसिटी सर्वांत जास्त असते आणि ऑसिलेशन टिकवायला व्हॉल्व्हला सर्वांत जास्त जोर लावावा लागतो. दोष मात्र व्हॉल्व्हचा नव्हताच. त्याच व्हॉल्व्हमधल्या ऑसिलेटरच्या ट्रायोड भागाच्या प्लेटला वीज देणारा ३३ किलोओहमचा कार्बन रेझिस्टन्स वयाप्रमाणे वाढून जवळजवळ दुप्पट झाला होता. नव्या व्हॉल्व्हचा ताजा जोर तेवढ्यापुरती ही उणीव झाकत होता. तो रेझिस्टन्स बदलला आणि जुनाच व्हॉल्व्ह परत बसवला, तेव्हा संपूर्ण पट्टा बोलू लागला. बँडस्विचचे (लहरींचा पट्टा बदलणाऱ्या स्विचचे) काळवंडलेले संपर्कही अशीच लक्षणे दाखवतात. त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि संयम लागतो, सँडपेपर कधीही लावू नये.

आयएफटीच्या (रेडिओतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरच्या) डब्यांवरचे स्क्रू फिरवून पाहणे, हा आणखी एक घरगुती उपाय फार महागात पडतो. हे डबे ४५५ किलोहर्ट्झ किंवा त्याच्या आसपासच्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेले असतात आणि कारखान्यात जुळवलेला आयएफटी आपणहून फारसा भरकटत नाही. आतला फेराइटचा गाभा तुटला तर सबंध डबा वाया जातो. अलाइनमेंट, म्हणजे ही जुळवणी, सगळ्यात शेवटी, तेही सिग्नल जनरेटर हाताशी असेल तरच करावी.

रेडिओ नीट होऊनही लघुलहरीवर काही लागले नाही, म्हणून लगेच निराश होऊ नये. अनेक मोठ्या केंद्रांनी लघुलहरी सोडल्या आहेत. रेडिओ नेदरलँड्सचे प्रक्षेपण २०१२ मध्ये थांबले आणि रेडिओ ऑस्ट्रेलियाचे २०१७ मध्ये. जी केंद्रे उरली आहेत, त्यांच्यासाठी वेळ पाहून पट्टा निवडावा लागतो: अंधार पडल्यावर ४९ आणि ४१ मीटर, दिवसा १९ मीटरच्या आसपास. सतत घरघर येत असेल तर एरियलची तार काढून पाहावी. घरघर पुष्कळ कमी झाली, तर ती मुख्यतः बाहेरून येते आहे आणि बहुतेक वेळा एखादा चार्जर किंवा एलईडी दिवा तिचे मूळ असतो. तो शोधून बंद करणे हीसुद्धा दुरुस्तीच आहे. एरियल काढूनही घरघर तशीच राहिली आणि ती जाड, एकसुरी असेल, तर फिल्टर कंडेन्सर पाहावेत.

हे सगळे न करता आतील चासी काढून टाकायची आणि रिकाम्या पेटीत ब्लूटूथचा स्पीकर बसवायचा, असा प्रकार अलीकडे सर्रास होतो. लेखात त्याचे छायाचित्र कौतुकाने छापले आहे, याचे मला दुःख झाले. दुरुस्त होऊ शकणारा रेडिओ असा संपवणे मला अजिबात मान्य नाही.

सिरीज लॅम्प आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओंबद्दलचा इशारा आपण पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावा, अशी विनंती करतो. ज्या वाचकांनी रेडिओ लावण्यासाठी बाहेर काढून ठेवला असेल, त्यांनी तूर्त प्लग लावू नये. पेटीच्या आत किंवा मागच्या झाकणावर सर्किटचा कागद चिकटवलेला आहे का ते पाहावे आणि असल्यास एकही तार सोडवण्याआधी त्याचे स्पष्ट छायाचित्र घेऊन ठेवावे.

आपला,
एक वाचक