बाई, बायबल वाचायला शिकवलंत त्याबद्दल

बाई,
तोंडावर बोलायचं राहून गेलं म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

नगरला तुमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो तेव्हा माझ्याकडे एक वही होती, बायबलमधल्या चुकांची. मत्तय, मार्क, लूक ही बायबलमधली येशूची चरित्रं. त्यातल्या मत्तयमध्ये मरियेचा नवरा योसेफ याचा बाप याकोब, लूकमध्ये एली. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने मत्तयमध्ये गळफास घेतला, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो शेतात पडून पोट फुटून मेला. मी देव मानत नाही, तुम्ही दर रविवारी उपासनेला जाणार, म्हणून चहाला बोलावलंत तेव्हा वही मुद्दाम पुढे केली. तुम्ही चिडला नाहीत. चष्मा लावून सगळी वाचलीत आणि विचारलंत, "हे तू वाचून काढलंस की कुणाचं उतरवलंस?" उतरवलेलं होतं.

मग बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून बसवलंत. पानावर मधोमध रेघ, डावीकडे पहिला अध्याय, उजवीकडे दुसरा. डावीकडे आधी झाडं, मग प्राणी, शेवटी नर आणि नारी एकदमच. उजवीकडे आधी पुरुष, मग झाडं, मग प्राणी आणि सगळ्यात शेवटी स्त्री. मी म्हटलं बघा, विसंगती, तर तुम्ही म्हणालात आहेच की, पण ज्याने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्याला ती दिसली नसेल का, तरी त्याने एक खोडली का नाही? तोपर्यंत मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता, चूक सापडली की माझं वाचणं तिथंच संपायचं.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात सातव्या अध्यायात मूळ हिब्रू शब्द 'तरुण स्त्री' असा आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात त्याची 'कुमारी' झाली आणि मत्तयने येशूच्या जन्माच्या गोष्टीत तीच घेतली, हे पण तुमच्याकडूनच कळलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू, ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत का आणलं असेल ते मला तेव्हा समजलं.

पण खरं सांगू, मार्कचं शेवटचं पान मी विसरू शकत नाही. बायका येशूच्या रिकाम्या कबरीपासून पळतात, घाबरून कुणाला काही सांगत नाहीत, आणि पुढच्या 12 ओवी चौथ्या शतकातल्या सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीतच. ते पातळ पान उलटू नये म्हणून तुम्ही चष्म्याचं घर त्यावर ठेवलंत आणि आठव्या ओवीखाली बोट धरून म्हणालात, इथं थांबून बघ. तुमची एवढी श्रद्धा, आणि माझ्या वहीत नसलेली गोष्ट तुम्हीच मला दाखवत होता. एवढा प्रामाणिकपणा मी आमच्या नास्तिक मित्रांत पण कमीच पाहिलाय.

आई गेली त्या वर्षी तुम्ही प्रार्थना वगैरे काही म्हणाला नाहीत, फक्त ईयोब दिलंत, बायबलमधलं दुःख भोगणाऱ्या माणसाचं पुस्तक. देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवरच देव शेवटी रागावतो आणि तक्रार करणारा ईयोब 'माझ्याविषयी बरोबर बोलला' म्हणतो, हे वाचून मी रात्रभर झोपलो नाही. देव मी आजही मानत नाही, पण ते पुस्तक उशाशी असतं.

नाताळला येतोय. बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक दोनदा वाचून झालंय, बाराव्या अध्यायाचा शेवट नंतर कुणीतरी जोडलाय असं माझं ठाम मत आहे, आणि यावेळी ते मी स्वतः वाचून काढलंय. भांडायला तयार राहा.

तुमचा,
वरच्या खोलीतला