तिळीच्या औषधाचा हिशेब

सोलापूर

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या तिळी कुत्रीच्या औषधाला तू पाठवलेले ३,००० रुपये परत तुझ्या खात्यात टाकायला लावलेत. रागावू नकोस. तू रात्रीचा डबा बंद केलास हे तुझ्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं, त्या दिवशी माझ्या घशाखाली भाकरी उतरली नाही. फोनवर बोलायला गेलं की रडू येतं, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी. घरात कुणी किती प्यालं ते न मोजता कळतं. तिळीचं पाण्याचं भांडं दिवसातून चारदा रिकामं व्हायला लागलं, तेव्हा मला वाटलं ऊन वाढलंय. मग अंगणात ती लघवीला बसते तिथं मुंग्यांची रांग दिसली आणि पोटात धस्स झालं. तुझ्या आजोबांची साखर सासूबाईंनी अशीच ओळखली होती. पहिल्या आठ दिवसांत सलाईन आणि रक्ताच्या तपासण्यांत सात हजार गेले. त्यातले निम्मे तू दिलेस, ते मी घेतले. तेव्हा वेळच तशी होती. आता तशी नाही.

आता डॉक्टरांना मी सरळ सांगितलंय, "आम्ही टॉवेलच्या कडा शिवून घर चालवणारी माणसं. महिन्याला बाराशे निघतील, त्यात काय बसेल ते सांगा." सांगताना मान वर होईना. पण त्यांनी कागद ओढला आणि इतक्यात नाही केल्या तरी चालतील अशा दोन तपासण्या खोडल्या. म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना ताई." माणसाचं इन्सुलिन तिळीला चालतं. १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे मिलीला ४०. तिला सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, खाणं झाल्यावर सहा-सहा युनिट. एक बाटली महिनाभर पुरते. बाकी सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि महिन्याची एक फेरी. त्यासाठी मी पंधरवड्याला टॉवेलचा एक गठ्ठा जास्त घेते. तो तिळीचा, त्याला दुसऱ्या कशाचा हात लागत नाही.

एक चूक झाली, ती तुला सांगितली नव्हती. बाबांनी दुकानातून केशरी टोपणाच्या सिरिंज आणल्या. त्या मिलीला १०० युनिटवाल्या इन्सुलिनच्या. आपल्या ४०च्या बाटलीला लाल टोपणाची लागते. त्या सिरिंजवर सहाची रेघ धरली तर औषध जेमतेम अडीच युनिट जातं. तीन दिवस तिळी पुन्हा पाण्यावर पडली आणि आम्हाला कारण कळेना. आता रिकामी लाल टोपी मी फ्रिजवर चिकटवून ठेवलीय, बाबा ती दाखवूनच सिरिंज आणतात. लाईट गेली की बाटली डब्यात घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रिकाम्या माठात ठेवते.

डोळ्यांचं तू विचारलंस. दोन्ही डोळे पांढरे होत चाललेत. साखरेच्या कुत्र्यांना मोतीबिंदू लवकर होतो म्हणे. ते ऑपरेशन आपल्याला झेपणार नाही, हे मी तुला आजच सांगते, नाहीतर तू कुठूनतरी कर्ज काढशील. मी डॉक्टरांना एकच विचारलं, नाही केलं तर तिला त्रास होईल का? डोळा लाल झाला, ती तो मिटून घ्यायला लागली तर लगेच आणा, थेंब देऊ, असं ते म्हणाले. तोवर घरातल्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. मशीनचं स्टूल मी हलवत नाही. ती भिंतीला अंग घासत स्वयंपाकघरात येते आणि माझ्या पायावर हनुवटी टेकते.

पिशवीचं ऑपरेशन मात्र करायचंय. माजावर आली की साखर आवरत नाही. ते सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कमी पैशात होईल का, बाबा परवा विचारून येतील. भिशी दिवाळीआधी माझ्या नावावर निघते, ती त्यासाठी ठेवलीय. विम्याचं तू म्हणालीस, पण आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, होम मैदानाच्या कडेला तू तिला ओढणीत गुंडाळून आणलंस, तेव्हा तिच्या ओठाला तीळगूळ लागला होता. त्यावरूनच तिचं नाव पडलं. आता तो डबा मी वरच्या फळीवर ठेवते. फक्त मधाची बाटली खाली असते. साखर एकदम उतरून ती लटपटायला लागली, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. हे तूही लक्षात ठेव.

डबा उद्यापासून सुरू कर, मी मैत्रिणीच्या आईला विचारणार आहे. शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं ये. तुला सुईची भीती वाटते, ठाऊक आहे. मानेमागची कातडी चिमटीत धरली की तिला कळतसुद्धा नाही, मी शेजारी बसेन. शनिवारी सकाळचं सातचं इंजेक्शन तू दे.

तुझी आई