त्या कुप्या अश्रूंच्या नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील प्राचीन काचेवरचा लेख आवडीने वाचला; मात्र रोमन थडग्यांत सापडणाऱ्या लांब मानेच्या लहान कुप्यांना त्यात ‘अश्रुकुप्या’ म्हटले आहे, ते दुरुस्त व्हायला हवे. आप्तांनी आपले अश्रू या कुप्यांत साठवून मृताजवळ ठेवले, ही कल्पना मोठी हृद्य आहे खरी, पण ती बऱ्याच मागाहून रुजली आणि एकोणिसाव्या शतकात फोफावली. कुप्यांच्या तळाशी राहिलेल्या अवशेषांच्या तपासणीत आढळली आहेत ती तेले आणि प्रसाधने. मृताजवळ रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या जात, त्यातल्याच या कुप्या; थडग्यांत तर दिवे आणि ताटल्याही सापडतात.

रोमन अत्तर म्हणजे गुलाब, लिली किंवा भारतातून जाणारी जटामांसी मुरवलेले तेल. मद्यार्क त्यात नसे. असे दाट तेल अरुंद मानेतून थेंबाथेंबानेच उतरते. स्नानगृहात जाताना लोक गोलसर, दोन कानांची कुपी कांस्याच्या कडीला अडकवून नेत आणि अंगाला तेल चोळून ते वाकड्या धातूच्या खरवडणीने मळासकट निपटून काढत. उत्तर इटलीत पहिल्या शतकात पक्ष्याच्या आकाराच्या कुप्या निघाल्या, त्यांना बूचच नसे: आत पूड किंवा अत्तर भरल्यावर शेपटीचे टोक तापवून बंद करायचे आणि वापरताना ते मोडायचे. म्हणूनच यांतले बरेच पक्षी आज शेपटी तुटलेले दिसतात.

इ. स. पूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर फुंकनळीने काच फुगवण्याची युक्ती साधली आणि काच एकदम स्वस्त झाली. रोममध्ये तांब्याच्या एका नाण्यात काचेचा पेला मिळतो, असे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवले आहे. आतला माल मात्र नेहमीच स्वस्त नसे. काही अत्तरांचा भाव पौंडाला ४०० दिनारांच्या (रोमन चांदीच्या नाण्यांच्या) वर जातो, शिवाय लावणाऱ्याला स्वतःला त्याचा वासही येत नाही, अशी पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीची कुरकुर आहे. अत्तराला संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडाची कुपीच उत्तम, हेही मत त्याचेच. पण काच तेल शोषत नाही, आणि गिऱ्हाइकांनी बहुधा खिशाचे ऐकले.

छायाचित्राखाली ‘कारागिरांनी साधलेली इंद्रधनुषी झळाळी’ असे छापले आहे. ती झळाळी शतकानुशतके ओल्या मातीत पडून काचेचा पृष्ठभाग पापुद्र्यापापुद्र्याने झिजल्यामुळे आलेली आहे; वाळूतील लोहामुळे साधी रोमन काच मुळात फिकट निळसर-हिरवी असे.

आपला,
एक वाचक