भरती-ओहोटीच्या वेळांशेजारी उड्डाणाची वेळही छापा

महोदय,

शुक्रवारी, १० फेब्रुवारी २०२३ ला सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून इस्रोचं एसएसएलव्ही-डी२ हे छोटं रॉकेट तीन उपग्रह घेऊन वर गेलं. त्याच दिवशी पंतप्रधानांनी सीएसएमटीवरून सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या सोडल्या, तेव्हा शनिवारच्या अंकाचं पहिलं पान कशाने भरणार हे ठाऊकच होतं. रॉकेटची बातमी आत, सहा-सात ओळींची. ओळी कमी पडल्या म्हणून हे पत्र लिहीत नाही. ऑगस्टमध्ये याच जातीचं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि फसलं, तेव्हा ती बातमी आपल्याकडे पहिल्या पानावर होती. ते का फसलं, हे मात्र मला आपल्या अंकात अजून वाचायला मिळालेलं नाही.

मी ३४ वर्षं लिफ्ट मेकॅनिक होतो. शिक्षण आयटीआयपर्यंतच. पण ७ ऑगस्ट २०२२ च्या त्या रविवारी काय घडलं ते इस्रोने जाहीर केलेल्या माहितीवरून मला नीट उमगलं, कारण तसंच दुखणं मी लिफ्टमध्ये पाहिलं आहे. परळच्या एका इमारतीत लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये थांबायची. रोज नाही, कधीतरी. सेफ्टीच्या स्विचवर संशय घेऊन मी तो दोनदा बदलला. स्विच चांगलाच होता. लिफ्ट ज्या पट्टीला धरून वर-खाली सरकते त्या गाइड रेलचा एक सांधा किंचित वर आला होता, तिथे लिफ्टच्या डब्याला हिसका बसायचा, क्षणभर स्विच उघडायचा आणि कंट्रोलर लिफ्ट थांबवायचा. सांधा घासून सारखा केल्यावर ती तक्रार परत आली नाही.

रॉकेटचं असंच झालं. त्याचे तिन्ही टप्पे घन इंधनाचे, आणि तिन्ही व्यवस्थित जळले. पण दुसरा टप्पा सुटताना जो हादरा बसला तो उपकरणं बसवलेल्या कप्प्यापर्यंत पोचला. कंपन थोडाच वेळ टिकलं. तेवढ्यात संगणकाने वेगातला बदल मोजणारे सेन्सर बिघडले असं ठरवलं आणि त्यांचं ऐकणं सोडून दिलं. मग पर्यायी पद्धतीने रॉकेट पुढे गेलं खरं, पण वेग कमी पडला. ३५६ किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६ च्या लंबगोल कक्षेत सुटले. ७६ किलोमीटरवर हवा विरळ असली तरी उपग्रहाला खाली ओढायला पुरते. दोन्ही उपग्रह गेले.

त्यातला एक, आठ किलोचा आझादीसॅट, देशभरातल्या शाळांमधल्या ७५० मुलींच्या हातचा होता. चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडियाने त्यांच्याकडून तो करून घेतला होता. माझी नात आठवीत आहे, महापालिकेच्या शाळेत. त्या रविवारी काळाचौकीच्या आमच्या खोलीत डब्याला मोबाइल टेकवून आम्ही दोघं बघत होतो. टप्पे एकेक करून सुटले तेव्हा ती टाळ्या वाजवत होती. शेवटी माहिती येईनाशी झाली आणि पडद्यावरची माणसं गप्प झाली. तिने विचारलं, "आबा, आता त्या मुलींना कोण सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सहा महिने तीन दिवसांनी आझादीसॅट-२ वर गेला! सोबत इस्रोचा दीडशे किलोहून जड ईओएस-०७ आणि अमेरिकेतल्या कंपनीचा दहा किलोचा जॅनस-१. मधल्या काळात इस्रोने दुसरा टप्पा सुटण्याची यंत्रणाच बदलली, म्हणजे मुळात हादरा कमी बसावा. उपकरणांच्या कप्प्याची बांधणी सुधारली, आणि सेन्सर बिघडला असं ठरवण्याआधी संगणकाने काय तपासायचं तेही बदललं. नुसता स्विच बदलून ही माणसं थांबली नाहीत, सांध्यापर्यंत गेली. माझ्या मते खरी बातमी ही होती. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, म्हणून शेवटी वेग नेमका जुळवायला वर एक छोटं द्रव इंधनाचं यंत्र असतं. लिफ्ट मजल्याशी बरोबर लेव्हलला आणण्यासारखंच ते काम. शुक्रवारी ते बिनचूक झालं. पंधरा मिनिटांत तिन्ही उपग्रह ४५० किलोमीटरच्या कक्षेत. त्या उंचीवर वेग इतका असतो की मुंबई-पुण्याएवढं अंतर वीस सेकंदांत संपावं.

नातीची शाळा दुपारची, म्हणून शुक्रवारी तिला शेवटपर्यंत बघता आलं. तिसरा उपग्रह सुटल्याचं सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, माझा हात घट्ट धरून बसली.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पावसाळ्यात आपण भरती-ओहोटीच्या वेळा छापता, तशी प्रत्येक उड्डाणाची तारीख आणि वेळ आदल्या दिवशीच्या अंकात चौकटीत द्या. आणि एखादं उड्डाण फसलं, तर त्याचं कारण जाहीर होईल त्या दिवशी ते, फसल्याची बातमी जिथे छापली होती त्याच पानावर, साध्या मराठीत छापा. नातीच्या शाळेत परिपाठाला मुलं वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवतात. सोमवारी रॉकेटची बातमी वाचायची तिची पाळी आहे. आपलं कात्रण तिने वहीत चिकटवलंय आणि त्याखाली पहिलं रॉकेट का फसलं ते मला विचारून स्वतः लिहून काढलंय. तिचं ते लिखाण दीड पान झालं आहे.

आपला,
एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक
काळाचौकी, मुंबई