तळमजल्यावरच्या काकूंस आभारपत्र

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुम्ही लेकीकडे गेल्यापासून तुमच्या खिडकीतल्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालण्याचे काम आमच्याकडे आहे. आज ते घालताना धाकट्याने अर्धा तांब्या स्वतःच्या मोज्यांवर ओतला आणि त्याला कोरडा करून निजवेपर्यंत दुपार सरली. दोन्ही मुले झोपली आहेत तोवर, वर्षभर लिहीन लिहीन म्हणत राहून गेलेले हे पत्र लिहायला बसले आहे. समोर आभार मानू लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडे, कारण लहान मुलांना घेऊन नुकत्याच परदेशी आलेल्या घरांना तुमच्या सांगण्याचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते. तुमचे नाव मात्र कुठेही घातलेले नाही. ते तुम्हाला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे.

आम्ही इथे आलो ते ऐन नोव्हेंबरात, आणि येताना थंडीची सगळी तयारी करून आलो होतो. वसंताची तयारी कोणीच करून येत नाही. चैत्र म्हटला की पालवी आणि कोकिळा एवढेच आपल्या मनात येते, त्यामुळे मार्च उजाडला तेव्हा आता सुटलो, अशी आमची समजूत झाली. प्रत्यक्षात सकाळी गारा, दुपारी डोळे दिपवणारे ऊन आणि संध्याकाळी पुन्हा बोचरा वारा, असा एकेक दिवस यायचा आणि दाराशी मुलांचे कपडे चढवण्या-उतरवण्यातच माझा जीव मेटाकुटीला यायचा. अशाच एका सकाळी, धाकट्याला जाड जाकिटात कोंबून मी जिना उतरत असताना तुम्ही त्याला थांबवलेत, त्याच्या कॉलरच्या आत मागून दोन बोटे घातलीत आणि म्हणालात, "अगं, घामाने निथळलाय हा. हात काय बघतेस? हात गारच असायचे. मान बघ."

मान कोमट आणि कोरडी असेल तर कपडे बरोबर, घामेजली असेल तर एक थर कमी, गार लागली तर एक थर जास्त. आत सुती, मधे लोकरी, वर वारापाऊस अडवणारे, आणि चिखलासाठी छातीपर्यंत येणारी रबरी विजार. एवढ्या सांगण्याने आमचे सकाळचे रडगाणे निम्म्यावर आले. चिखलात लोळलेले मूल पाहून आजही माझ्या पोटात गोळा येतो, पण ती विजार नळाखाली धरली की काम संपते, हेही तुम्हीच दाखवलेत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे जवळजवळ सगळ्या युरोपातली घड्याळे एक तास पुढे जातात, हे आम्हाला माहीत होते. त्याचा चार वर्षांच्या मुलीवर काय परिणाम होतो ते माहीत नव्हते. "बाहेर दुपार आहे, मी रात्रीचे कपडे घालणार नाही," असे तिने बजावले, आणि खरे सांगायचे तर तिचे म्हणणे खोडून काढता येण्याजोगे नव्हते. आपल्याकडे मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने वाढतो, तर इतक्या उत्तरेला तो रोज सुमारे चार मिनिटांनी, म्हणजे आठवड्यात जवळजवळ अर्ध्या तासाने वाढतो. त्यात घड्याळाचा हा उड्या मारण्याचा उद्योग. रोज रात्री साडेनऊपर्यंत चाललेला आमच्याकडचा दंगा ऐकून तुम्ही पाचव्या दिवशी वर आलात, तेव्हा तक्रार करायलाच आलात असे समजून मी आधीच माफी मागून टाकली. तुमच्या हातात मात्र एक गडद निळा जाड पडदा होता. खिडकी झाका, पण घड्याळाकडे बोट दाखवून मुलांना झोपवू नका. अंघोळ, गोष्ट, दिवा मंद, हा क्रम रोज तोच ठेवा, असे तुम्ही सांगितलेत. शिवाय, पुढच्या वर्षी त्या आठवड्यातल्या बुधवारपासूनच झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटे अलीकडे आणा, म्हणजे शनिवारपर्यंत हिशेब पुरा होतो, असेही सुचवलेत. यंदा आम्ही तसे केले. थोरलीच्या बाबतीत ते साधले. धाकटा कुठल्याच पंचांगाला जुमानत नाही.

आता त्या गोचिडीविषयी लिहिते, कारण माझे खरे आभार तिथे गुंतलेले आहेत.

गोचीड म्हटली की मला गुरे आठवतात, फार तर कुत्री. माणसाच्या लेकराच्या अंगावर ती सापडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही रानाच्या कडेने फिरून आलो होतो, मुले उंच गवतात लपंडाव खेळली होती. रात्री अंघोळीच्या वेळी थोरलीच्या उजव्या गुडघ्यामागच्या घडीत मला तिळाएवढा काळा ठिपका दिसला. ओल्या फडक्याने पुसला तरी जाईना, आणि नीट पाहिले तर त्याला पाय होते. मी तेलाची बाटली शोधत असतानाच मुलांचे बाबा धावत तुमच्याकडे आले, आणि तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून, हातात भिंग आणि टोकदार चिमटा घेऊन आमच्या न्हाणीघरात उभ्या राहिलात. "तेल नको, जाळायची तर अजिबात नाही. दिवा धर," एवढेच तुम्ही मला म्हणालात. तुम्ही तिला पालथी झोपवलीत, चिमट्याचे टोक कातडीला अगदी टेकवून ठिपक्याचे डोके धरलेत, पोट दाबले जाणार नाही याची काळजी घेतलीत, आणि न पिळता, न झटका देता, सरळ वर ओढत राहिलात. कातडी तंबूसारखी किंचित वर उचलली गेली, एक क्षण तशीच थांबली, आणि मग सुटली. पोर "झालं?" म्हणाली, त्याच वेळी मला रडू आले.

नंतर तुम्ही जखम जंतुनाशकाने पुसलीत आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेपुढे पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढून शेजारी "उजवा गुडघा, मागे" असे लिहिलेत. महिनाभर रोज पाहायचे, तिथे लाल वर्तुळ पसरू लागले किंवा ताप आला तर थेट डॉक्टरांकडे जाऊन ही तारीख सांगायची. गोचिडीतून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, पण ती लवकर निघाली तर धोका बराच कमी होतो, हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावलेत की त्या रात्री मला झोप लागली. वर्तुळ उमटले नाही. तेव्हापासून रानातून आल्यावर कानामागे, काखेत, जांघेत आणि गुडघ्यामागे पाहणे हा आमच्या अंघोळीचा भाग झाला आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मुलांच्या बाबांची तीन आठवड्यांची "सर्दी" ही सर्दी नसून बर्च झाडाच्या परागांची करामत आहे, हे त्यांच्या डोळ्यांकडे एकदा पाहून तुम्ही ओळखलेत. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितले. एप्रिलच्या गार हवेत मुलांना टोपी आणि उन्हाचे मलम कशाला, असे मी विचारले तेव्हा, विसाव्या एप्रिलच्या सुमारास सूर्य जितका वर येतो तितकाच तो ऑगस्टच्या बाविसाव्या तारखेच्या सुमारास येतो, हे तुम्ही बोटांवर मोजून दाखवलेत. हवा गार असली तरी ऊन ऑगस्टचेच, हे मला शाळेत भूगोल शिकूनही कधी सुचले नव्हते.

आणि मुळ्याचे बी. लहान मुलांचा धीर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून त्यांना मुळाच पेरायला द्यावा, हे तुमचे शास्त्र मला फार पटले. रोप वर आले त्याच दिवशी धाकट्याने खाली काय आहे ते बघायला सगळी रोपे उपटली. मी ओरडणार इतक्यात तुम्ही म्हणालात, "बघू दे की, त्यासाठीच तर पेरलंय." दुसऱ्या खेपेस पेरलेल्यांपैकी तीन वाचली.

त्याच दिवशी माती झाडता झाडता तुम्ही सहज बोलून गेलात की तुमची मुले लहान होती तेव्हा इथे आसपास मराठी बोलणारे एकही घर नव्हते, घरून पत्राचे उत्तर येईपर्यंत मुलांचा ताप उतरलेला असायचा, आणि मानेला हात लावून बघायचे हे तुम्हाला दुसरा हिवाळा सरल्यावर, बागेतल्या एका अनोळखी आजीने खुणेने सांगितले होते. पुढे तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारले नाही. तेव्हाच विचारायला हवे होते, असे नंतर अनेकदा वाटले.

तुमच्या कुंड्या ठीक आहेत. रात्री अजून दव गोठते, म्हणून कोवळी रोपे मे निम्मा सरेपर्यंत बाहेर ठेवणार नाही. चिमटा आमच्याकडेच आहे, न्हाणीघरातल्या वरच्या कप्प्यात. थोरली हल्ली पडली, खरचटली, दात हलला, की कॅलेंडरावर पेन्सिलीचा ठिपका काढते. तुमच्या परतीच्या तारखेपुढेही तिने एक काढून ठेवला आहे आणि शेजारी, काय लिहायचे ते न कळल्यामुळे, "गुडघा" असेच लिहिले आहे.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची