डीकोडर बसवण्याआधी इंजिन तपासा

महोदय,

मॉडेल रेल्वेच्या जुन्या इंजिनात डिजिटल डीकोडर (रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञा ओळखून मोटर चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवला, पण ते धक्के देत सुटते आणि रुळांच्या सांध्यांवर अडखळते, ही तक्रार या छंदात सर्रास ऐकू येते. अशा वेळी डीकोडरला नावे ठेवली जातात आणि सीव्हींचे, म्हणजे डीकोडरमध्ये साठवलेल्या क्रमांकित सेटिंगचे, आकडे बदलण्याचा सपाटा सुरू होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की मंद चालीचे बहुतेक काम डीकोडर हाती घेण्यापूर्वीच उरकायला हवे.

१:८७ प्रमाणाच्या एचओ इंजिनाला ताशी ५ किलोमीटरची शंटिंगची (डबे जोडण्या-सोडण्याची) चाल साधायची, तर ते सेकंदाला जेमतेम १.६ सेंटिमीटर सरकले पाहिजे. वेगातले इंजिन रुळावरच्या मळाच्या ठिपक्यावरून आपल्या जोरावर पुढे निघून जाते. या चालीत मात्र ते नेमके त्या ठिपक्यावरच थांबते. शिवाय वीज तुटली की डीकोडर बंद पडून नव्याने सुरू होऊ शकतो, आणि सीव्ही ३ मधला वेगवाढीचा आकडा मोठा असेल, तर इंजिन पुन्हा शून्यापासून रेंगाळत निघते. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला कागद रुळावर पसरून त्यावर चाके फिरवावीत; उमटणारे काळे पट्टे पाहिले, की निम्मे कोडे तिथेच सुटते. शक्य तितक्या चाकांवरून वीज घ्यावी आणि पितळी पट्ट्या चाकांना हलकेच, पण सतत टेकतात ना, हे पाहावे.

त्यानंतर इंजिन डीकोडरविना साध्या डीसी पुरवठ्यावर दोन्ही दिशांना अगदी हळू चालवावे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ते एकाच जागी अडत असेल, तर गिअरमध्ये कचरा असतो किंवा जोडदांडा अडकत असतो. हा दोष डीकोडरच्या बॅक-ईएमएफ नियंत्रणाने झाकता येतो, पण झाकू नये. हे नियंत्रण मोटरचा पुरवठा क्षणभर तोडून तिच्यात निर्माण होणारा व्होल्टेज मोजते आणि त्यावरून वेग सावरते. यंत्रणाच अडत असेल, तर त्या सावरण्यातूनही नवे गचके निर्माण होतात. मोटरच्या टोकांवर गोंगाट दाबण्यासाठी लावलेला जुना कपॅसिटरही या मोजणीत व्यत्यय आणू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

जोडणी करताना लाल आणि काळी तार रुळांकडे, नारिंगी आणि करडी मोटरकडे जाते. मोटरच्या दोन्ही टोकांचा रुळांशी किंवा सांगाड्याशी संबंध उरलेला नाही, याची मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय वीज देऊ नये, कारण इथली चूक डीकोडर जाळते.

एवढे झाले, की सीव्हींचे काम थोडेच उरते. सीव्ही ३ आणि ४ शून्यावर ठेवावेत, वेगाच्या १२८ पायऱ्यांपैकी पहिलीवर इंजिन जेमतेम हलू लागेपर्यंत सुरुवातीचा व्होल्टेज ठरवणारा सीव्ही २ एकेकाने वाढवावा आणि मग वेगवाढ व ब्रेकचे आकडे चवीनुसार भरावेत. क्षणिक वीज साठवणारा ‘स्टे-अलाइव्ह’ कपॅसिटर चारचाकी छोट्या इंजिनांना निश्चितच उपकारक ठरतो, पण मळक्या चाकांवर तो उपाय मानू नये.

डीकोडरच्या माहितीपत्रकांत सीव्हींच्या कोष्टकांआधी चाके, गिअर आणि मोटरवरचा कपॅसिटर यांच्या तपासणीला एक पान द्यावे, अशी माझी उत्पादकांना आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक मॉडेल रेल्वेप्रेमी वाचक